चिठ्ठी मिळाली, पुढे काय? भोंगवली ते औंध : लहान मुलांच्या विकास तपासणीची वाट

भोंगवली परिसरातल्या एका वाडीत आम्ही गृहभेटीला गेलो होतो. साडेतीन वर्षांचा एक मुलगा अंगणात खेळत होता. अंगाने चांगला, पळण्यात पटाईत. पण मागून हाक मारली की वळत नव्हता. बोलणे म्हणाल तर ‘आ’ आणि ‘बा’ एवढेच. आजी म्हणाल्या, “त्याचा बापबी उशिराच बोलला. आमच्या घरात असंच हाय. बोलंल की.” आई काही बोलली नाही. ती आत गेली आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद घेऊन आली. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी दिलेली ती चिठ्ठी होती. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

मुलाची ओळख कळू नये म्हणून आम्ही इथे तपशील बदलले आहेत. गोष्ट मात्र अशी आम्हाला पुन्हा पुन्हा भेटते. हे मूल कुणाच्या नजरेतून सुटलेले नव्हते. सेविकेने पाहिले, डॉक्टरांनी तपासले, कागदावर लिहिले, ‘रेफर’ केले. सरकारी रजिस्टरमध्ये काम पूर्ण झाले होते. मुलाच्या बाजूने पाहिले तर कामाला सुरुवातच झाली नव्हती.

लहान मुलाच्या बोलण्यात, चालण्यात, समजण्यात किंवा वागण्यात काही वेगळे दिसले तर कुठे जायचे, कोण पाठवते, पुढे काय होते, हे आपल्या वस्त्यांमध्ये फार कमी पालकांना माहीत असते. ही सगळी वाट घरापासून शेवटपर्यंत समजावून सांगण्यासाठी हा लेख.

घाई कशासाठी?

‘वाट पाहू, मोठं झालं की होईल’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो. काही मुले खरोखरच थोडी उशिरा बोलतात आणि पुढे नीट होतात. पण कोणते मूल त्यातले आणि कोणते नाही, हे अंगणात बसून ठरवता येत नाही, त्यासाठी तपासणीच लागते. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते. ज्या मुलाला जन्मापासून कमी ऐकू येते, त्याच्या कानावर या वर्षांत भाषा पडलीच नाही तर पुढे बोलणे शिकणे फार अवघड होते. म्हणूनच जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीलाही वयाची अट असते. तपासणीत काही निघाले नाही, तर गेला तो एक दिवस. काही निघाले आणि आपण दोन वर्षे थांबलो असू, तर ती दोन वर्षे परत मिळत नाहीत.

घरात काय पाहायचे?

पुढील गोष्टी दिसल्या तर आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला सांगावे :

- तीन महिन्यांचे बाळ आईकडे पाहून हसत नाही.
- पाच महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही.
- सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने वळत नाही, भांडे पडले तरी दचकत नाही.
- नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नाही.
- दीड वर्षाचे मूल चालत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकही अर्थाचा शब्द बोलत नाही.
- दोन वर्षांचे मूल ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही.
- नावाने हाक मारली तरी पाहत नाही, नजर देत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, एकच हालचाल तासन्‌तास करत राहते.
- येत असलेले शब्द, हसणे किंवा खेळणे अचानक गेले. हे कोणत्याही वयात घडले तरी एक दिवसही थांबू नये.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे मुलाला आजार आहेच, असे नाही. दाखवायला हवे, एवढाच तिचा अर्थ. गरोदरपणात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डातही वयाप्रमाणे मुलाने काय करायला हवे, याची चित्रे असतात. बहुतेक घरांत हे कार्ड लसीच्या तारखा पाहण्यापुरतेच उघडले जाते. पुढच्या लसीच्या वेळी ती चित्रेही पाहावीत.

पहिली नजर : आशाताई आणि अंगणवाडी

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी द्यायच्या असतात. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच. या भेटींत वजन, स्तनपान आणि लसीबरोबर बाळाची वाढ आणि विकास पाहणे हेही तिचे काम आहे.

अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून वजन आणि आहार हीच अंगणवाडीची ओळख झाली. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. त्यानुसार विकासातील उशिराच्या खुणा लवकर ओळखणे, अशा मुलाला इतर मुलांसोबतच अंगणवाडीत सामावून घेणे आणि आशा, परिचारिका आणि तपासणी पथकामार्फत पुढे पाठवणे, ही कामे सेविकेकडे आली. ‘तुमचं मूल सांभाळता येणार नाही, घरीच ठेवा’ असे कुणी म्हणत असेल तर ते नियमाला धरून नाही.

दुसरी नजर : तपासणी पथक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात सर्वप्रथम आपल्या महाराष्ट्रातून झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधून. गावात त्याला ‘आरबीएसकेची गाडी’ म्हणतात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. डॉक्टरांमध्ये एक पुरुष आणि एक महिला असावी, असे धोरण आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले यात येतात.

पथक चार प्रकारच्या गोष्टी पाहते. पहिला प्रकार जन्मतः असलेल्या दोषांचा : फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयाचे छिद्र, जन्मतः बहिरेपण. दुसरा कमतरतांचा : रक्तक्षय, मुडदूस, तीव्र कुपोषण. तिसरा लहानपणच्या आजारांचा : कान वाहणे, फिट येणे, दात किडणे. चौथा प्रकार विकासातील उशीर आणि दिव्यांगत्वाचा : चालण्यात, बोलण्यात किंवा समजण्यात उशीर, स्वमग्नता, अतिचंचलता, शिकण्यातील अडचण.

पहिले तीन प्रकार बहुधा डोळ्यांना दिसतात. चौथा थोडक्या वेळात पटकन दिसत नाही. अनोळखी डॉक्टर पाहून मूल रडते, गप्प बसते. त्या वेळी आईचे बोलणे हीच खरी तपासणी असते. पण बऱ्याचदा आई मजुरीला गेलेली असते आणि मूल सेविकेच्या कडेवर असते. म्हणून आमचे सांगणे असे की, पथक येण्याची तारीख सेविकेकडून आधी विचारून घ्यावी आणि त्या दिवशी घरातले कुणीतरी हजर राहावे. घरात मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही, असा मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओही डॉक्टरांना खूप सांगून जातो.

तिसरा टप्पा : भोंगवली, भोर, औंध

पथकाने चिठ्ठी दिल्यावर मुलाच्या गरजेप्रमाणे पुढचे ठिकाण ठरते. भोंगवलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. साधे उपचार तिथे होतात. त्यापुढे भोरचे उपजिल्हा रुग्णालय. विकासातील उशिरासाठी मात्र बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय औंधला आहे. आपला भाग नीरेच्या काठी, साताऱ्याच्या हद्दीला लागून. त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवे की, हे औंध पुणे शहराजवळचे, खटाव तालुक्यातले नव्हे. कागदावर नुसते ‘औंध’ वाचून गोंधळ होऊ शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असते. कागदावर बहुधा ‘डीईआयसी’ असे लिहिलेले असते. नाव मोठे, पण कल्पना सोपी. मुलाला लागणारी सगळी माणसे एका छताखाली असावीत. बालरोगतज्ज्ञ, कान आणि बोलणे तपासणारे तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, डोळे तपासणारे, दंतवैद्य, विशेष शिक्षक आणि समाजसेवक अशी पदे या केंद्रासाठी ठरवलेली आहेत. तपासणी आणि उपचार मोफत असतात.

पहिल्या दिवशी साधारणपणे असे होते. केसपेपर निघतो. गरोदरपण, बाळंतपण, बाळ जन्मल्यावर रडले का, काचेत ठेवले होते का, कावीळ झाली होती का, फिट आली होती का, असे प्रश्न विचारले जातात. म्हणून बाळंतपणाचे आणि लसीचे सगळे कागद सोबत न्यावेत. मग मुलाला खेळवत, बोलवत तपासतात. न बोलणाऱ्या मुलाची आधी कानाची तपासणी होते. त्यातली ‘बेरा’ ही तपासणी लहान मुलाला झोपवून करतात. तिची तारीख वेगळी मिळू शकते. पहिल्याच दिवशी सगळे होईल, असे समजून जाऊ नये.

त्यानंतर थेरपी. थेरपी म्हणजे गोळी किंवा इंजेक्शन नव्हे. बोलण्याचे, बसण्या-चालण्याचे, लक्ष देण्याचे व्यायाम आणि खेळ तिथे शिकवतात. तिथली वेळ आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा मिळते. उरलेले सगळे दिवस ते घरी करायचे असते. म्हणून आईबरोबर आजीने किंवा वडिलांनीही एकदा तरी तिथे जावे. जे स्वतः पाहिले त्यावर घरातल्यांचा विश्वास बसतो.

मूल वाटेत कुठे हरवते?

कागदावर वाट सलग दिसते. प्रत्यक्षात ती चार ठिकाणी तुटते, असा आमचा अनुभव आहे.

पहिली जागा नोंदीची. पहिले बाळंतपण माहेरी होते, बाळ तीन-चार महिन्यांनी सासरी येते. माहेरची आशाताई समजते बाळ गेले, सासरच्या आशाताईला बाळ आल्याचे कळत नाही. भोर-वेल्ह्यातली किती तरी कुटुंबे कामासाठी पुण्या-मुंबईला जाऊन-येऊन असतात. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, कंपनीच्या शेडवर राहणारी मुलेही अशीच सुटतात. खासगी नर्सरीत घातलेल्या मुलाचीही तीच गत, कारण पथक अंगणवाडीत येते, त्या नर्सरीत नाही. आणि अनेक गावांत आपली वस्ती गावापासून दूर, अंगणवाडी मात्र गावठाणात. पावसाळ्यात तीन वर्षांचे पोर रोज तिथवर जात नाही. तपासणीच्या दिवशी ते गैरहजर असते.

दुसरी जागा अंतराची. भोंगवलीहून औंध म्हणजे आधी हायवेला यायचे, मग स्वारगेटची गाडी, तिथून शहर ओलांडून पुढे. दोघांचा एक दिवसाचा रोज बुडतो, भाडे आणि खाणे वेगळे. त्या मुलाची आई आठ महिन्यांत एकदा पुण्यातल्या एका रुग्णालयात जाऊन आली होती. तिथे तिला ‘आज ते डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले गेले. पुढच्या आठवड्यात भात लावणी होती. मग ती गेलीच नाही. तिला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही.

तिसरी जागा भाषेची. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिलेले असतात. तिला कुणी सांगितले नाही की हे कानाबद्दल आहे की डोक्याबद्दल. जे कळत नाही, त्यासाठी कुणी रोज बुडवत नाही.

चौथी जागा भीतीची. ‘मानसतज्ज्ञ’ शब्द ऐकला की आपल्याकडे एकच नाव घेतले जाते : येरवडा. ‘पोराला येरवड्याला नेलं’ असे एकदा गावात झाले की ते त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत पुरते, असे बायाच सांगतात. मग दोष आईवर येतो. ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, अंगारा लावा. आपण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. तरीही मुलाच्या आजारपणात घाबरलेले घर अंगाऱ्याकडे वळते, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना हिणवून काही होत नाही. दवाखान्याची वाट अंगाऱ्याइतकी जवळ आणि सोपी करावी लागते.

लहान मुलाला मनाचा त्रास होतो का?

होतो. पण ते शब्दांत सांगत नाही, वागण्यातून दाखवते. वडील गेल्यानंतर, घरात रोज दारू आणि मारहाण पाहून, आई दूर गेल्यावर किंवा अपघातानंतर मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, झोपेत किंचाळते, एकदम गप्प होते, आईला क्षणभर सोडत नाही किंवा इतर मुलांना मारू लागते. काही दिवसांत हे कमी झाले नाही तर दाखवावे. यासाठीही प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच सुरुवात करता येते. पुढे जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे तज्ज्ञ असतात, पुण्यात ससून रुग्णालय आहे. यासाठी मुलाला कुठेही ‘भरती’ करत नाहीत. बोलतात, खेळतात, घरच्यांना समजावतात.

घरबसल्या विचारायचे असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि आईकडेही पाहायला हवे. बाळंतपणानंतर जी आई सतत रडते, जिला बाळाला जवळ घ्यावेसेच वाटत नाही, तिला ‘नाटकं करते’ म्हणू नये. आई बरी झाली तर बाळाशी बोलणे, हसणे पुन्हा सुरू होते आणि बाळाच्या विकासाला त्याचीच गरज असते.

प्रमाणपत्राची गल्लत

अनेक पालकांना वाटते की आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढायचे, मग उपचार. तसे नाही. तपासणी आणि थेरपीसाठी प्रमाणपत्र लागत नाही. सवलती आणि योजनांसाठी ते लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मेंदूचा पक्षाघात आणि शिकण्यातील विशिष्ट अडचणही आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलाच्या बौद्धिक विकासात उशीर असेल तर लगेच कायमचा शिक्का मारत नाहीत. ‘विकासात एकूण उशीर’ अशा अर्थाची नोंद होते आणि पाच वर्षांनंतर पुन्हा तपासतात. म्हणून ‘कागद काढला तर जन्मभराचा डाग’ ही भीती धरू नये. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

आपण काय करू शकतो?

अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी एक कायदेशीर नियम आहे. मुलाला पाठवल्यापासून ४५ दिवसांच्या आत त्याची तपासणी आणि पुढची योजना ठरवणारी पहिली बैठक व्हायला हवी. आपल्या आईच्या पिशवीतली चिठ्ठी आठ महिने पडून होती, कारण दिवस मोजणारे कुणी नव्हते. ते मोजण्याचे काम वस्तीला करता येईल.

आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. चिठ्ठीची तारीख, कुठे पाठवले, कोण सोबत जाणार, गेले का, पुढची तारीख कोणती, एवढेच पाच रकाने. मुलाचा आजार त्यात लिहीत नाही, कारण वही कुणाच्याही हाती पडू शकते. महिना उलटून चौथा रकाना रिकामा राहिला तर आम्ही त्या घरी जातो.

प्रत्येक वस्तीत एक-दोन शिकलेल्या तरुण-तरुणींना हे करता येईल. निघण्याआधी आशाताई किंवा पथकातल्या डॉक्टरांना फोन करून तज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते विचारायचे. एका गावची दोन-तीन मुले असतील तर एकाच दिवशी न्यायची. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते आईला मराठीत समजावून सांगायचे. वर्षावासात ग्रंथवाचनाला विहारात आई आणि आजी एकत्र बसलेल्या असतात. वाचन संपल्यावर वरची यादी दहा मिनिटे वाचून दाखवली, तर ती नेमक्या कानांपर्यंत पोचेल.

प्रश्न पैशांचाही आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तिचा हिशेब ग्रामसभेत विचारावा. औंधला जाणाऱ्या मुलांच्या प्रवासाची आणि साहित्याची गरज तिथे मांडावी. तज्ज्ञांची पदे रिकामी असतील, पथक वर्षात दोनदा आले नसेल, तर तेही लेखी विचारावे. ही सेवा मुलाचा हक्क आहे, त्यासाठी कुणाच्या उपकाराखाली राहण्याचे कारण नाही.

त्या मुलाला शेवटी औंधला नेले. आमच्यातले एक जण सोबत होते, आणि आम्ही हट्टाने आजींनाही नेले. तपासण्यांना तीन खेपा लागल्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, असे निदान झाले. आता त्याच्या कानाला यंत्र आहे आणि बोलण्याची थेरपी चालू आहे. तो अजून वाक्य बोलत नाही. वाया गेलेल्या आठ महिन्यांचे नेमके किती नुकसान झाले, हे कुणी सांगू शकणार नाही. पण परवा आजींनी मागून हाक मारली आणि तो वळला. आजी आम्हाला म्हणाल्या, “एवढं दिवस आम्ही म्हणायचो ऐकत न्हाय, हट्टी हाय. त्याला ऐकूच येत नव्हतं.”

तुमच्या घरात, शेजारात अशी घडी घातलेली एखादी चिठ्ठी असेल तर आजच काढा. तिच्यावरची तारीख पाहा.